एका कानाची शेळी

“सर, आज पुन्हा शेळी,” इशरत म्हणाली आणि कानावरचा हेडफोन गळ्यात ओढून हसायला लागली. “या आठवड्यात तिसऱ्यांदा. बकरीद अजून लांब हाय, पन शेळ्या आतापासूनच पळून राहिल्या.”

रूपसिंग गुरुजीही हसले. हिंगोलीतल्या मुलांच्या मदतकक्षाची ती खोली लहान होती, दुपारी पत्रा तापला की पंखा गरम हवाच खाली ढकलायचा, आणि अशा खोलीत दिवस काढायचा तर माणसाला हसता आलं पाहिजे. दिवसाला पन्नास फोन येत, त्यातले चाळीस चेष्टेचे. कोणी मांजरासारखं ओरडायचं, कोणी डीजेचं गाणं लावून द्यायचं, कोणी नुसतंच श्वास घेत राहायचं. इशरत सगळ्यांना बेटा म्हणायची आणि मग वहीतल्या एका रकान्यात बारीकशी फुली मारायची. गुरुजी आठवड्यातून तीन दिवस तिच्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसत. बाकीचे दिवस जिल्ह्यातल्या शाळांमधून फिरत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि मदतीचा हा चार आकडी नंबर मुलांना शिकवण्याचं काम त्यांनी स्वतः होऊन मागून घेतलं होतं.

“काय म्हनलं पोरगं?” त्यांनी सहज विचारलं.

“पोरगी हाय. म्हने, ‘ताई, आमची एका कानाची शेळी हरवली.’ बस, मग गप. मी म्हनलं, बेटा, शेळीसाठी हा नंबर न्हाई, घरच्या मोठ्या मानसाला सांग. तरी फोन ठेवंना. श्वास ऐकू येऊन राहिला नुसता. मग मीच ठेवला. लाईन अडकून पडते ना, सर.”

गुरुजींचं हसू अर्ध्यावर थांबलं. शेळी कोणाचीही हरवते. एका कानाची शेळी मात्र अख्ख्या जिल्ह्यात एकच होती, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत, खडूच्या भुकटीत जन्माला आली होती. शाळेत गेले की ते आधी नंबर फळ्यावर लिहीत, मुलांकडून दहादा म्हणवून घेत आणि मग तालीम सुरू करत. टेबलावरचं डस्टर म्हणजे फोन. मूल डस्टर कानाला लावून उभं राहायचं, गुरुजी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ताई व्हायचे आणि असा काही बारीक आवाज काढायचे की वर्ग हसून लोळायचा. पण पहिल्याच फोनवर मुलानं बोलायचं काय? आपलं खरं दुखणं चाळीस जणांसमोर काढायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तालमीपुरती एक खोटी अडचण ठरवायची, आणि ती वर्गानंच ठरवायची. एका शाळेत पोपट उडून गेला होता, एका शाळेत लाल बैल रुसून बसला होता. गोरेगावच्या पुढच्या तांड्यावरच्या शाळेत शेळी हरवली. कसली शेळी, असं त्यांनी विचारलं तेव्हा काळी, पांढरी, गाभण, असा गलका झाला आणि मागून कोणीतरी म्हणालं, एका कानाची. त्यावर वर्ग इतका खूश झाला की तीच कायम झाली. नियम असा होता: आधी शेळीचं वाक्य म्हणायचं. मग ताई विचारणार, ‘बाळा, अजून काही सांगायचंय का?’ आणि त्यानंतर जे बोलायचं ते ज्याचं त्याचं, मनातलं. बावीस शाळांत हे शिकवून झालं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की फोन जिच्याकडे येणार त्या इशरतला त्यांनी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. तालीम वेगळी आणि खरा फोन वेगळा, असं ते धरून चालले होते.

म्हणजे ती पोरगी तीन वेळा आपलं पहिलं वाक्य म्हणून, दुसऱ्या बाजूच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली होती. आणि प्रश्न आला नव्हता.

हे आपल्या लक्षात यायला हवं होतं, असं त्यांना वाटलं, आणि वाटता वाटताच ते त्या गरम खोलीतून उठून कुठल्या कुठे गेले. सहा वर्षांचे असताना ते तांड्यावरून गावातल्या शाळेत गेले तेव्हा त्यांना बंजाऱ्यांच्या गोरबोलीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. घरी आईला याडी म्हणायचं, शाळेत कोणाला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. मास्तर प्रेमळ होते. त्यांनी पहिल्या दिवशी या नव्या पोराला मराठीतलं एक वाक्य पाठ करून दिलं: गुरुजी, मी बाहेर जाऊ? दिवाळीपर्यंत रूपसिंगाकडे तेवढं एकच वाक्य होतं. पाटी फुटली की तो उठून म्हणायचा, गुरुजी, मी बाहेर जाऊ? पोटात दुखलं की तेच. शेजारच्यानं भाकरी पळवली की तेच. मास्तर म्हणायचे, जा. मग तो बाहेर जाऊन चिंचेखाली थोडा वेळ उभा राहायचा, काहीच झालेलं नसायचं, आणि परत येऊन बसायचा. मास्तरांना वाटायचं, या पोराला लघवीचा काही आजार आहे. त्यांनी एकदा याडीला बोलावून तसं सांगितलंही होतं, आणि याडीनं आठ दिवस त्याला जवाचं पाणी पाजलं होतं. एकाच वाक्यात सगळं दुखणं कोंबून उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याला अंगानं माहीत, त्या माणसानं बावीस शाळांतल्या लेकरांना पुन्हा एकेकच वाक्य वाटलं होतं.

त्यांनी इशरतला सगळं सांगितलं. ती ऐकत होती तशी तिची बोटं वहीतल्या त्या तीन फुल्यांवर गेली.

“मी तिला शेळी शोध म्हनलं, सर.”

“तू वाईट काही बोलली न्हाईस, बेटा. वाक्य माहं होतं.”

“नंबर दिसून राहिला इथं. लावू का उलटा?”

“लावू नको.” तो त्या खोलीचा पक्का रिवाज होता. मुलानं फोन चोरून केलेला असतो. उलटा फोन लावला की तो उचलतं मोठं माणूस, आणि पुढचं सगळं त्या मुलाच्या पाठीवर जातं. दोघांनी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. फोन वाजला की इशरत ताठ व्हायची. परभणीला पळून निघालेला एक मुलगा बसस्टँडवर सापडला, औंढ्याच्या एका बाईनं शेजारणीच्या पोराचं गाऱ्हाणं सांगितलं, कोणीतरी दोनदा मांजर झालं. शेळी आली नाही.

पण त्यांना आता ती मुलगीच आठवायला लागली होती, आणि ते जास्त वाईट होतं. चौथीचा वर्ग. दुसऱ्या रांगेतली, शाळेच्या ड्रेसवर मोठ्या माणसाचा शर्ट घातलेली, शिला नाव सांगणारी. तिची पाळी सगळ्यात शेवटी आली होती. तिनं डस्टर कानाला लावलं, पांढरी भुकटी तिच्या केसांत पडली, आणि ती बोलेचना. मग एकदम शेळीचं वाक्य म्हणाली, आणि डस्टर खाली ठेवलं नाही. कानाला तसंच गच्च धरून त्यांच्याकडे बघत राहिली. नेमकी तेव्हाच बाहेर खिचडी आली. ताटल्यांचा खडखडाट झाला, वर्गातली निम्मी पोरं दाराकडे धावली, आणि गुरुजी म्हणाले, ‘शाब्बास! चला, जेवायला पळा.’ ताईचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. एकोणचाळीस मुलांना विचारला होता. तिनं डस्टर टेबलावर ठेवलं, दोन्ही हातांनी, भरलेली वाटी ठेवावी तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला शोधत होते तेव्हा चतुराबाई ओट्यापाशी उभी राहून बघत होती. “गुडघा म्हनतो बस, आन् ह्ये म्हनतात जीप आली,” ती भांड्यांना उद्देशून म्हणाली. चाळीस वर्षं ती त्यांच्याशी अशीच भांड्यांमार्फत बोलत आली होती. मग तिनं दोन केळी त्यांच्या पिशवीत टाकली, काही न विचारता, कारण लेकराच्या घरी जायचं असलं की ते असेच गप्प होतात हे तिला माहीत होतं.

गोरेगावच्या जीपमध्ये इशरत खिडकीशी आणि गुरुजी तिच्याशेजारी, त्यांच्या मांडीवर कोणाचं तरी टोपलं. बाहेर हळदीची काढणी सुरू होती. शेतोशेती पाला कापून रचला होता, मधूनच हळद शिजवायच्या कढया दिसत, त्यांतून पांढरी वाफ सरळ वर चढत होती आणि तिचा तो उग्र, मातकट वास जीपमधल्या माणसांच्या कपड्यांत बसत होता. “एक ध्यानात ठेव,” गुरुजी हळू म्हणाले. “त्या लेकराचं नाव आपल्या तोंडातून निघता कामा न्हाई. घरच्यांनी शपथ घातली तरी. तिनं फोन केला हे कळलं, की यानंतर ती जन्मात कोनाला काही सांगनार न्हाई.” इशरतनं मान हलवली. “आन् एकाच घरी गेलो तर?” “तर सगळ्यांनाच कळतंय. म्हनून पहिल्या घरापासून जायचं. प्रत्येक घरी तेच इचारायचं.” असं ते म्हणाले खरे, पण घरोघर जाऊन मुलं विचारणं त्यांनी पूर्वी एकदा केलं होतं. वसमतकडच्या एका गावात ते नोकरीला होते, तिशीत होते. जूनमध्ये दाखलपात्र मुलांची पाहणी निघाली होती, आणि गावात एकही मूल शाळेबाहेर नाही असा कागद वर जायला हवा होता. गोठ्याच्या बाजूला एका घरात बाईनं चहा दिला. तिच्या मागे, कडब्याच्या सावलीत, दावणीला एक मुलगा बांधलेला होता. सात-आठ वर्षांचा असेल. तो तोंडानं एकच आवाज काढत होता, आणि त्याच्या शेजारची गाय शांतपणे रवंथ करत होती. गुरुजींनी चहा प्यायला. चहात साखर फार होती. बाई म्हणाली, त्याला काई कळत न्हाई, मास्तर. गुरुजींनी त्याच्या नावापुढे लिहिलं, स्थलांतरित. अक्षर त्यांचं मोत्यासारखं होतं, साहेबांनी नेहमी कौतुक केलेलं. तो मुलगा कुठेही गेलेला नव्हता, दोन हातांवर होता. यानंतर त्यांनी हजारभर मुलांना वाचायला शिकवलं, त्यातली काही डॉक्टर झाली, एक फौजदार झाला, आणि चहात साखर जास्त पडली की अजूनही त्यांना तो कप अर्धा ठेवावासा वाटायचा. चतुराबाईला वाटायचं, साखरेच्या आजाराला भितात.

तांडा टेकाच्या उतारावर होता. दोघांनी पहिल्या घरापासून सुरुवात केली. मुलांच्या मदतीच्या फोनवाले आहोत असं सांगायचं, मग विचारायचं: घरात लेकरं किती, शाळेत जातात का, कोणाला काही तकलीफ आहे का. सकाळची शाळा सुरू झाली होती, मोठी माणसं हळदीवर, घरांत म्हातारी आणि तान्ही. एका म्हातारीनं गुरुजींची गोरबोली ऐकून त्यांच्या सासुरवाडीपर्यंतची सगळी नाती शोधून काढली आणि शेवटी त्यांना आपला भाचा ठरवलं. इशरतला पाणी देताना ती थबकली, नाव विचारलं, ऐकलं आणि तरी तिच्या हातात तांब्या दिला. “पी गं माय. ऊन कोनाचं नाव इचारत न्हाई.” अशी दहा घरं झाली. अकराव्या घराच्या अंगणाभोवती कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कूड होता, आत नुकतंच सारवलेलं अंगण, आणि अंगणात शेतावरून नुकतीच येऊन हात धूत उभी असलेली बाई. तिच्या हातांना कोपरापर्यंत हळद होती. ती जाता जात नसते.

“एकच पोरगी हाय,” ती बाई, मिनाबाई, म्हणाली. “शाळेत गेली. मालक ऊसतोडीला, होळीला येतील. अजून काय?”

तेवढ्यात घरामागून आवाज आला. एकच, लांब, वर चढत जाणारा. इशरतनं गुरुजींकडे पाहिलं. मिनाबाई हात धूतच राहिली, पाणी संपलं तरी.

“बाई,” गुरुजी म्हणाले, “माघं कोन हाय?”

“कोनी न्हाई.”

 गुरुजींना सांगता आलं असतं, कायद्याचं, कलमांचं. त्यांच्या पिशवीत तसा कागदही होता. पण ते तिथेच जमिनीवर बसले, एक पाय लांब करून, कारण गुडघा दुमडत नव्हता. “मी तीस वर्षांपूर्वी एका घरी असंच इचारलं होतं,” ते म्हणाले. “ती बाई खोटं बोलली न्हाई. तिनं पोरगं दाखवलं. खोटं मी लिहिलं.” आणि त्यांनी ते सगळं तिला सांगितलं, थेट, चहासकट. इशरतनंही ते पहिल्यांदाच ऐकलं. सांगून झाल्यावर त्यांना हलकं वगैरे काही वाटलं नाही, नुसतं ऊन लागलं.

मिनाबाईनं हात लुगड्याला पुसले. “या,” ती म्हणाली.

तो बाभळीच्या सावलीत बसला होता. सात वर्षांचा. कमरेला जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा, आत कापूस भरून शिवलेला, आणि त्याला दोर. गुरुजी दोराकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना दोर म्हटलं की दावणच दिसली होती. हा दोर कोणीतरी मापून कापला होता. तो पाण्याच्या माठापर्यंत पुरत होता. सकाळची सावली एका अंगाला आणि दुपारची दुसऱ्या अंगाला, दोन्हींपर्यंत पुरत होता. चुलीच्या अलीकडे दोन हातांवर संपत होता. ज्या मुलानं तो रोज ओढून ताणला असेल त्याच्या आईनं किती वेळा तो सोडला, वाढवला, कमी केला असेल, ते त्या दोरात दिसत होतं.

“ओम्या,” ती म्हणाली. “ओमप्रकाश. बोलत न्हाई. पन ऐकतंय सगळं. पळतंय नुसतं. गेल्या साली हळदीच्या कढईपाशी गेलं.” तिनं त्याची विजार वर केली. पिंढरीवर गुळगुळीत, गुलाबी कातडी होती. “मी काढनीला जाऊ का याच्या मागं पळू? दोन महिने बांधते. हळद उरकली की सोडते. काहून बांधती म्हनून इचाराल तर हे बघा.” मग तिचा आवाज बदलला. “तुमाला सांगितलं कोनी?”

“ते आमाला सांगता येत न्हाई, बाई.”

“तांड्यातल्या कोन्या रांडेनं सांगितलं आसंल. त्या रूपाबाईनं?”

“न्हाई. तांड्यातल्या कोन्या बाईनं न्हाई.”

हे बोलून गेल्यावर गुरुजींना आपली चूक कळली. बाई नाही, म्हणजे मग कोण? ही मोजणी मिनाबाईच्या डोळ्यांत होताना त्यांना दिसली. छत्तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेला माणूस, एका वाक्यात त्यानं लेकराला उघडं केलं होतं.  मिनाबाईनं वाकून दोराची गाठ सोडायला घेतली, नखांनी, आणि सोडलेलं टोक त्यांच्या हातात दिलं.

“लई जन आले कागद घेऊन,” ती म्हणाली. “फोटो काढला, गेले. घ्या. धरा तुमी घटकाभर. मी भाकर करते.”

ओम्या आधी उठलाच नाही. मग उठला आणि असा सुटला की गुरुजींचा खांदा हलला. त्यांनी दोर हातातून सोडून दिला. मिनाबाई ओरडली. ते त्याच्यामागे निघाले, पळता येत नव्हतं म्हणून नुसते चालत, एक पाय टाकत एक ओढत. इशरत उताराखालच्या कढयांच्या बाजूला जाऊन आडवी उभी राहिली. पोरगं कढयांकडे बघतही नव्हतं. घराला वळसा घालून ते थांबलं, मागे वळून बघितलं, म्हातारा येतोय ना, आणि तो जवळ येताच पुन्हा सुटलं. पुन्हा थांबलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्या वळशाला गुरुजींच्या लक्षात आलं की हे पळून जाणं नाहीच. हे मागे कोणीतरी यावं म्हणून आहे. तांड्यावरची सगळी पोरं रोज संध्याकाळी हेच करतात, त्याला खेळ म्हणतात. याच्यामागे आजवर जो कोणी धावला तो घाबरून, पकडायलाच धावला होता. चौथ्या वळशाला ते हापशापाशी बसले, छातीत धाप मावत नव्हती. ओम्या आला, दोन हात लांब उभा राहिला, मग जवळ आला आणि हापशाच्या तोंडाखाली हात धरून वाट बघत राहिला. गुरुजींनी उठून हापसलं. पाणी आलं तेव्हा त्यानं तो लांब आवाज काढला, तोच मघाचा. जवळून ऐकला तर तो हसण्याचा होता.

पिशवीतलं केळं त्यांनी त्याला दिलं आणि दोघं चुलीपाशी आले. इशरतनं मिनाबाईशेजारी बसून तोवर बरंच बोलून घेतलं होतं: सरकारी दवाखान्यातला दाखला, कोणत्या वारी डॉक्टर असतात, केंद्रावर येणारे विशेष शिक्षक, आणि जीपनं मी स्वतः घेऊन जाईन, भाभी, तुम्ही फक्त त्याचं आधारकार्ड काढून ठेवा. मिनाबाई ऐकत होती आणि पीठ मळत होती. “आन् तोवर?” ती म्हणाली. “दाखला यायला पाऊसकाळ येईल. उद्या सकाळी मी काय करू?”

“उद्या सकाळी मी येतो,” गुरुजी म्हणाले. “शाळेच्या वसरीत बसवतो त्याला. मी माघं चालतो, ते पुढं पळू दे. मॅडमशी मी बोलतो.”

“चार दिस याल.”

“होळीपत्तर तर येतो. पुढचं तुमचे मालक आल्यावर बघू.” आणखी मोठं काही त्यांना म्हणवेना. जे म्हटलं तेच गुडघ्याला भारी होतं. मिनाबाईनं त्यांच्या पायाकडे पाहिलं, धुळीनं भरलेल्या धोतराकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं. “आठला बराबर या मंग. मी साडेआठला शेतात आसते.”

शाळा सुटल्याचा गलका मघाच उतारावरून खाली आला होता. पोरं आपापल्या घरांत शिरली होती, कोणाच्या तरी घरी ताटली आपटली, कोणीतरी कोणाला तरी शिव्या दिल्या. या अंगणात कोणी आलं नव्हतं. गुरुजींनी कुडाच्या पलीकडे, पऱ्हाट्यांच्या आडव्या-उभ्या काड्यांतून, मोठ्या माणसाच्या शर्टाची निळी बाही पाहिली होती. त्यांनी लगेच नजर काढून घेतली आणि इशरतच्या हातातल्या फॉर्मवर नेऊन ठेवली. ती बाही बराच वेळ तिथेच होती. शिलानं काय काय ऐकलं असेल, याचा हिशेब ते मनात करत होते: तांड्यातल्या कोन्या बाईनं न्हाई, हे ऐकलं असेल का? आईचा त्यानंतरचा गप्पपणा तिला कसा वाटला असेल? आता हे दोघं उठून जीपला जातील, आणि मग या अंगणात ती आणि तिची आई. त्यांच्यासमोर ताटली आली. भाकरी, लाल ठेचा, वरणाची वाटी.  तिच्यासाठी आईला काही सांगावं, असं त्यांना फार वाटलं, रागावू नका म्हणावं, आणि तेच सांगता येत नव्हतं, कारण सांगणं म्हणजे नाव घेणं.  मिनाबाईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ओम्या तिच्या पाठीला पाठ लावून बसला होता आणि केळ्याचं साल काळजीपूर्वक उलगडत होता.

“गुरुजी,” ती म्हणाली. तव्याकडे बघत. आवाज मात्र गरजेपेक्षा मोठा होता, अंगणापलीकडे जाईल इतका. “ज्यानं कोनी फोन केला ना, त्याला येक निरोप द्या.”

“बोला, बाई.”

“म्हनावं, भाकर उतरली. गरम हाय तवर ये. सकाळधरून पोटात अन्न न्हाई त्याच्या.” तिनं भाकरी टोपल्यात टाकली, आणि म्हणाली, “आन् म्हनावं, मी काई हात उगारत न्हाई.”

गुरुजींनी वर पाहिलं नाही. इशरतनंही नाही, ती आपल्या वाटीतलं वरण फार लक्ष देऊन ढवळत होती.  मिनाबाईनं दुसऱ्या भाकरीचं पीठ हातावर घेतलं आणि थापायला लागली, आणि तिसऱ्या-चौथ्या थापेला कुडाच्या खालच्या फटीतून आधी एक दप्तर हळूच आत सरकलं.